माळ्यावरची ‘इटलीची’ सायकल : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज भोगी. पैठणला मावशींकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी हाणली, मग त्यांच्या माळ्यावरून सायकल खाली उतरवली. मावशी सख्ख्या नव्हेत, आईच्या मैत्रीण. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, जायकवाडीच्या कामावर. त्यांना सगळं गाव ‘साहेब’ म्हणायचं, मावशीसुद्धा.

“भंगारवाला तीनशे देत होता. साहेबांची इटलीची सायकल तीनशेला? दारातूनच हाकलला त्याला.”

मी किती देऊ, असं विचारलं तर म्हणाल्या, “आधी चालती करून आण, लेकरा. मग बघू.”

अवस्था : सगळ्या फ्रेमवर ब्रशने फासलेला हिरवा ऑइलपेंट. ब्रशचे केससुद्धा रंगात अडकलेत. हँडल साध्या काळ्या सायकलीचं. मागे कॅरिअर, खाली घोडा स्टँड. पुढच्या नळीवर रॅलेचा बगळ्याचा बिल्ला. सीट ब्रूक्सची, कातडं शिळ्या भाकरीसारखं कडक. ब्रेकचे रबर बोटाने दाबले की भुगा. मात्र गंज जवळजवळ नाही. ही सायकल कोकणात माळ्यावर राहिली असती तर नळ्यांची चाळण झाली असती. आपल्याकडचं ऊन रबर आणि कातडं खातं, लोखंडाला मात्र हात लावत नाही.

पहिला अंदाज : बिल्ला रॅलेचा म्हणजे सायकल इंग्लंडची, नॉटिंगहॅमची. साहेबांचा इटलीचा हट्ट कुठून आला, ते कळत नाही.

२० जानेवारी, शनिवार

डिझेल, जुना टूथब्रश आणि कापड. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की वाळलं की पांढरे डाग, म्हणून पाणी टाळलं. पॉलिश पेपर तर हातातही धरला नाही.

बिल्ल्याचा निकाल दहा मिनिटांत लागला. दोन रिबिटा काढल्या तर बिल्ल्याखाली हिरवा रंग सलग. म्हणजे रंग आधी, बिल्ला नंतर. कुणीतरी हौसेने दुसऱ्या सायकलीचा आणून ठोकलाय. रॅले बाद.

‘इटली’चा उगमही सापडला. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो त्या जाड तुकड्यावर, दोन्ही बाजूंना, ‘कॅम्पॅग्नोलो’ अशी अक्षरं आहेत. मागच्या गिअरवरही तेच. साहेबांनी ते वाचलं आणि सायकल इटलीची झाली. कॅम्पॅग्नोलो ही विचेन्झा गावची १९३३ सालची कंपनी. तिने नाव कमावलं ते गिअर, हब आणि हे खाचेचे तुकडे यांवर, आणि हे तुकडे युरोपभरचे कारागीर विकत घ्यायचे. ट्रकच्या पंपावर बॉश लिहिलंय म्हणून ट्रक बॉशचा होत नाही.

तरी हे तुकडे फार बोलके आहेत. स्वस्त सायकलीला पत्रा कापून केलेली पट्टी असते, हे घडीव आहेत, जाड. प्रत्येकाच्या मागून एक बारीक स्क्रू आत येतो, चाक सरळ बसवायला. शिवाय मडगार्डच्या तारा अडकवायला कान आहेत. निव्वळ शर्यतीच्या फ्रेमवर असे कान बहुधा नसतात. इंग्लंडातल्या क्लबवाल्यांची पद्धत अशी, की आठवडाभर मडगार्ड लावून कामावर जायचं, रविवारी तेच काढून शर्यतीला. कान बघून मला वाटतंय की ही त्या जातीची. पण कान असलेल्या सायकली इटलीतही झाल्यात, तेव्हा आज एवढंच.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन उरकून व्हर्निअर घेऊन बसलो. वाळूजला क्वालिटीत वीस वर्षं काढली, हा माझा आवडता भाग.

सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी, वरची दांडी २५.४. म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी आणि पूर्ण एक इंच. फ्रेंच असती तर २८ आणि २६ भरली असती. फ्रान्स बाद. इटलीवाले मात्र याच मापाच्या नळ्या वापरायचे, त्यामुळे साहेबांची बाजू अजून पडलेली नाही.

मागच्या खाचांमधलं अंतर १२० मिमी. हे मागच्या चाकावरच्या पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलचं माप. सहा चकत्या आल्यावर १२६ झालं, पुढे १३०. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातली असती तर १२६ची शक्यता जास्त होती.

सीटचा खांब निघत नाही. अॅल्युमिनिअम आणि लोखंड पन्नास वर्षं चिकटून बसलेत, त्यांच्यामध्ये पांढरी बुरशी धरलीय. तेल सोडून ठेवलं.

४ फेब्रुवारी, रविवार

निघाला! नऊ दिवस रोज सकाळी तेल, संध्याकाळी रबरी हातोडीने दोन टोले. आज खांब बेंच व्हाइसमध्ये पकडला आणि अख्खी फ्रेम हातात धरून रहाटासारखी फिरवली. ‘करकर’ असा आवाज झाला की बायको गॅलरीतून आत आली.

खांब मोजला : २७.२. हा आकडा मिळाला आणि मी खाली फरशीवरच बसलो.

हिशेब असा. नळी बाहेरून २८.६. आत २७.२चा खांब मावतो, म्हणजे खांबाची थोडी मोकळीक सोडली तर नळीची भिंत तोंडाशी जेमतेम ०.६ मिमीची. साध्या पोलादाच्या नळीची भिंत याच्या दुप्पट जाड असते, तिथे २५ ते २६चाच खांब जातो. एवढी पातळ भिंत माणसाचं वजन पेलते, कारण एक तर पोलाद भारी, आणि दुसरं, ती सगळीकडे पातळ नसते. सांध्याशी जाड, मध्ये पातळ; सीटच्या नळीत जाडी फक्त खालच्या टोकाला. झाळताना ताप बसतो तो टोकांना, ताणही येतो तो टोकांना, म्हणून जाडी तिथे. बाहेरून नळी एकसारखी दिसते, चढउतार सगळा पोटात. याला बटेड नळी म्हणतात. याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ साली घेतलं, आणि १९३५ साली त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ नळी काढली. त्यानंतर चाळीस वर्षं चांगली इंग्रजी सायकल म्हणजे ५३१, असं समीकरणच होतं. इटलीत त्याच तोडीचं नाव मिलानच्या कोलंबसचं, आणि त्यांच्या पातळ एसएल नळ्यांनाही खांब २७.२चाच लागतो.

थोडक्यात : भारी नळी आहे हे ठरलं. देश ठरला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

खालचा, पायडलचा एक्सल उघडायला फ्रेम शहागंजला चाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. माझ्या मनात इटलीने एव्हाना घर केलं होतं. २७.२ मिळाल्यापासून रात्री स्वप्नात मिलान दिसत होतं. इटालियन सायकलीच्या एक्सलचे दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात. म्हणून चेनच्या बाजूचा कप मी बेलाशक डावीकडे फिरवायला लागलो. हलेना. पान्याला तीन फुटी पाइप लावला आणि अक्षरशः लोंबकळलो. कडकन आवाज आला, कप केसभर फिरला.

चाचा चहा पीत बघत होते. म्हणाले, “भैया, खोल रहे हो के कस रहे हो?”

मी थांबलो.

“उल्टी चूडी है इसकी. पुरानी इंग्लिश गाड़ियों में ऐसीच रहती.”

पाइप उलट बाजूला लावला, जरा गरम केलं, तिसऱ्या हिसड्याला कप सुटला. कपाचा व्यास ३४.८ मिमी, इंचाला २४ आटे, चेनच्या बाजूला उलटे. हे अस्सल ब्रिटिश माप. इटालियन कप ३६ मिमीचा असतो. आणि ज्या नळीत तो बसतो तिची रुंदी ६८ मिमी. इटालियन असती तर ७०. ही रुंदी मोजायला व्हर्निअरला अर्धा मिनिट लागतो, कप काढावासुद्धा लागत नाही. कंपनीत रोज पोरांच्या मागे लागतो, आधी मोज, मग हात लाव. आणि स्वतः एका म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीवर विसंबून पाइपला लोंबकळतो.

पहिले दोन आटे दबले. चाचांनी डब्यातून एक जुना लोखंडी कप काढला, हॅकसॉने त्याला तीन उभ्या चिरा पाडल्या, ग्रीस लावलं आणि तो हलक्या हाताने आत-बाहेर फिरवत आटे साफ करून दिले. इंग्लंडहून मागवलेला आटे पाडायचा टॅप आठ हजाराला पडला असता. चाचांनी पन्नास रुपये घेतले, वर चहा पाजला.

सायकल इंग्लंडची. मावशींना कसं सांगायचं?

१८ फेब्रुवारी, रविवार

फ्रेम उघडी असतानाच वजन करून घ्यावं म्हणून जुन्या मोंढ्यात नेली. शेठने तुरीचं पोतं बाजूला सारून काट्यावर जागा दिली. फ्रेम २ किलो १४० ग्रॅम, पुढचं चाक धरणारा चिमटा ७६० ग्रॅम. शेठ म्हणाले, “पोकळ आहे का हो?” सगळ्याच पोकळ असतात म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही.

खाली एक्सलच्या नळीच्या पोटाशी ग्रीसखाली चार आकडी नंबर सापडला. हाताने ठोकलेला. पहिले तीन आकडे एका ओळीत, शेवटचा ७ जरा वर चढलेला आणि डावीकडे कललेला. कारखान्याच्या जिगमध्ये असा ७ पडत नाही. ना कसली अक्षरं, ना कुणाचं नाव. इंग्लंडात लहान कारागीर एकेका सायकलच्या दुकानासाठी फ्रेमा बांधून द्यायचे, वर नाव लागायचं दुकानाचं. बांधणाऱ्याची खूण म्हणून राहायचा तो एवढाच नंबर.

१० मार्च, रविवार

घड्याळजीकडून भिंग आणलं आणि चार तास फक्त सांधे बघितले.

नळ्या एकमेकींना भेटतात तिथे त्यांच्यावर टोपीसारखा तुकडा असतो, लग. या फ्रेमचे लग नर्व्हेक्स प्रोफेशनल नमुन्याचे, फ्रेंच. कडा लाटांच्या, टोकं पाकळीसारखी. हा नमुना शेकडो कारागिरांनी वापरला, त्यावरून कुणाचं नाव निघत नाही. पण विकत आणलेल्या लगची कड बोथट आणि जाड असते. इथे पाकळीच्या टोकाला ती ०.६ मिमीपर्यंत उतरवलीय. कानशीने. भिंगातून रेघा दिसतात, सगळ्या टोकाच्या दिशेने, एकही आडवी नाही. कड जाड राहिली की ताण तिथे अडतो आणि नळी नेमकी त्या रेघेवर तडकते. हळूहळू पातळ होत गेली की ताण पुढे वाहून जातो. दिसायला सुंदर, हा वरचा नफा.

लग आणि नळी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पितळ भरलंय. झाळणारा लगच्या एका कडेला पितळेची सळई धरतो, ज्योत पुढे नेतो, आणि पितळ तापाच्या मागे फटीतून ओढलं जात दुसऱ्या कडेला बाहेर येतं. नऊशे अंशांच्या आसपासचं काम. कमी ताप दिला तर पितळ मध्येच थिजतं, जास्त दिला तर पातळ नळीचा जीव जातो. मोजायला काही नाही, लोखंडाचा रंग बघायचा. हिरवा रंग निघाला तिथे प्रत्येक पाकळीच्या कडेने दोऱ्याएवढी पिवळी रेघ दिसते, कुठेही तुटलेली नाही. म्हणजे पितळ आरपार गेलंय.

एका जागी मात्र कारागीर सापडला. वरच्या दांडीच्या खालच्या अंगाला, सीटच्या लगपाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा पितळेचा थेंब तसाच राहिलाय. कानशीचे दोन हात मारलेत आणि सोडून दिलंय. संध्याकाळ झाली असेल, किंवा गिऱ्हाईक दारात उभं असेल. खालून कोण बघतंय? मी बघितलं, पन्नास वर्षांनी, सिडकोतल्या गॅलरीत पाठीवर झोपून. तो थेंब मी काढणार नाही.

नळ्या बाहेरून, लग फ्रान्सचे, खाचा विचेन्झाच्या. मग हाताने केलेलं काय? एवढी कड आणि एवढी फट. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, पैठणीचं रेशीम बंगळूरचं आणि जर सुरतेची, तरी तुम्ही तिला सुरतेची म्हणता का? मावशींना हेच सांगावं.

२५ मार्च, धुलिवंदन

गल्लीत पोरं रंग लावतायत, मी वर रंग काढतोय.

हिरवा ऑइलपेंट प्लॅस्टिकच्या जुन्या एटीएम कार्डाने खरवडला. धातूची पाती वापरली नाही, केमिकल रिमूव्हर तर अजिबात नाही. पेंट खाली नीट धरलाच नव्हता, पापुद्रे सुटत गेले. आत मूळ रंग आहे : गडद डाळिंबी, पण सपाट नव्हे. आधी चांदीचा हात, त्यावर पारदर्शक लाल. सावलीत तो काळपट दिसतो, उन्हात धरला की आतून पेटतो. इंग्लंडात याला फ्लॅम्बॉयंट म्हणत. साहेबांनी की आणखी कुणी, एवढ्या रंगावर हिरवा का फासला असेल? चोरीच्या भीतीने, हा माझा अंदाज. आमच्या आजोबांनी नवी सायकल आणल्या दिवशी तिला शेणाचा हात फिरवला होता.

सीटच्या नळीवर स्टिकरचा तुकडा वाचला. ‘५३१’ मधले ५ आणि ३ पूर्ण, १ अर्धा, खाली ‘बटेड’. पुढे ‘चिमटा आणि मागचे पाय’ या अर्थाच्या शब्दांची शेपटं. हे महत्त्वाचं. नुसत्या तीन मुख्य नळ्याच ५३१ असल्या तर स्टिकर वेगळा यायचा. इथे सगळीच फ्रेम ५३१ची. स्टिकर खोटा चिकटवता येतो, पण २७.२, वजन आणि स्टिकर तिघं एकच साक्ष देतात.

चाचांचा सल्ला : पावडर कोटिंग, अडीच हजारात नवी कोरी. भाऊही तेच म्हणतो. मी नाही म्हणालो. कोटिंगआधी वाळूचा मारा करतात. त्यात कानशीच्या रेघा जातील, ५३१ जाईल, आणि कडा जाड रंगाखाली बुजतील. जिथे लोखंड उघडं आहे तिथे मेणाचा पातळ हात, बस.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पैठण. मूळचं खाली वळलेलं हँडल सापडलं! मावशींच्या न्हाणीघरात भिंतीला ठोकलेलं, त्यावर पंचे वाळत होते. इतक्या वेळा त्या घरी गेलो, त्याच हँडलवरून पंचा ओढून हात पुसले. वर ‘जीबी’ अशी खूण, म्हणजे तेही इंग्लंडचं.

मावशींना सांगितलं, सायकल इटलीची नाही, इंग्लंडची आहे, हाताने बांधलेली आहे. त्या म्हणाल्या, “साहेब इंग्लंडलाच तर गेले होते ट्रेनिंगला. इटलीला कधी गेले?” मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा प्रश्न मी भोगीलाच विचारला असता तर दोन आटे वाचले असते.

साल त्यांना आठवत नाही. धरणाचं काम चालू होतं, आणि इंदिराबाई उद्घाटनाला आल्या तेव्हा सायकल घरी होती. पायाभरणी १९६५ची, उद्घाटन फेब्रुवारी १९७६चं. मागच्या गिअरवर ‘पेटंट ७३’ असं कोरलंय. नुओवो रेकॉर्ड या गिअरवर असा सालाचा शिक्का असतो. सुटा भाग कधीही बदलता येतो, म्हणून एकट्या शिक्क्यावर भिस्त नको, पण १२०चं अंतर आणि मावशींची आठवण त्याच्याशी जुळते. नोंदवहीत लिहिलं : १९७३ ते ७५, इंग्लंड, रेनॉल्ड्स ५३१, कारागीर अज्ञात.

२१ एप्रिल, रविवार

टायरचा तमाशा. चाकांवर २७ × १¼ लिहिलंय. गुलमंडीजवळच्या एका दुकानदाराने “सत्तावीस नाही, अठ्ठावीस बसवा, एक इंचाने काय होतं” म्हणून काळ्या सायकलीचं २८ × १½ दिलं. एक इंच नाहीच मुळी! २७ची रीम टायरच्या बैठकीशी ६३० मिमी, आणि ही २८ची ६३५. पाचच मिलीमीटर. तेवढ्याने टायर ढिला बसला आणि हवा भरताच रीमवरून उडाला. कानात अजून शिट्टी वाजतेय. गंमत म्हणजे नव्या गिअरच्या सायकलींचं ७००सी हेही २८ इंचीच म्हणवतं, आणि ते भरतं ६२२.

चाक हातात होतं म्हणून ब्रेकशी लावून बघितलं. २७च्या चाकाला ब्रेकचे रबर ब्रेकच्या हातातल्या खाचेच्या पार वरच्या टोकाला न्यावे लागतात, मडगार्डला जागाच उरत नाही. चाचांच्या दुकानातलं ७००सीचं चाक घातलं तर रबर चार मिलीमीटर खाली, बरोब्बर मधोमध. म्हणजे फ्रेम बांधली होती ती शर्यतीच्या चिकटवायच्या टायरांच्या चाकांसाठी, त्यांचा घेर ७००सीएवढाच. २७ नंतर आलं. मडगार्डचे कान आणि शर्यतीची चाकं, दोन्ही एकाच सायकलीत. २० जानेवारीचा क्लबवाल्यांचा अंदाज बरोबर निघाला.

हब मूळचेच ठेवले, ३६ भोकांचे. चाचांनी ७००सीच्या नव्या रीम विणल्या, आऊट काढून दिला.

१३ मे, सोमवार

सकाळी सातला मतदान, बोटावर शाई, सव्वासातला पैठणच्या रस्त्याला. बिडकीनपर्यंत ऊन सोसवत होतं. गिअरचा दांडा खालच्या नळीवर, त्याला टप्पे नाहीत. बोटाने हळूहळू सरकवायचा, चेनची कुरकुर थांबली की गिअर बसला. ढोरकीनपर्यंत कानाला ते जमलं. खडबडीत पट्ट्यावर चिमट्याचं टोक पुढेमागे झुलताना डोळ्यांना दिसतं, हाताला मात्र फार थोडं पोचतं. ब्रूक्सचं कातडं अजून माझ्यावर रागावलेलंच आहे.

साडेदहाला मावशींच्या दारात. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, डाळिंबी रंगावरून पदराचं टोक फिरवलं, ब्रेक दाबून बघितला. पैशाचा विषय काढला तर “बघू” म्हणाल्या.

मग हँडलकडे बघून : “घंटी कुठाय?”

घंटी साध्या हँडलवरची, ती काढून डब्यात टाकली होती. साहेब फाटकाशी आले की दोनदा वाजवायचे, म्हणे. क्लॅम्प या हँडलला सैल होतो. उद्या ट्यूबची पट्टी कापून खाली घालायची आणि बसवायची.